उजवा डाव्यावर

तान्ह्या पोळ्याच्या रात्री अकराच्या सुमारास गावाहून फोन आला, गुरुजी गेले. पहाटे नागपूरहून निघालो तेव्हा पावसाची झड लागली होती. दर्यापूर मागे टाकून गावच्या फाट्याला वळलो तरी ती काही थांबायचं नाव घेईना. घरी पोचलो तर अंगणात तिरडीचं काम सुरू होतं. दोन लांब बांबू, आडव्या टाकायच्या कामट्या, ज्वारीच्या कडब्याची पेंढी, सुतळीचं बंडल आणि या सगळ्याच्या मधोमध उकिडवा बसलेला, शाळेच्या स्काऊट पथकातला आमचा जुना संघनायक. गावात कुणाचंही मयत असो, तिरडी बांधायला यालाच बोलावतात, तेही आता तीसेक वर्षांपासून. त्यानं मान वर करून मला पाहिलं, काही बोलला नाही, सुतळीचं एक टोक माझ्याकडे टाकलं. गुरुजींना आडवं केल्यावर छातीशी त्यानं बांधलं, कमरेशी दुसऱ्या कुणी आणि पायाशी मी. एवढंच काम. पाचवीपासून दहावीपर्यंत ज्या माणसानं आमच्या हातात दर शनिवारी दोर दिला, त्याच्या पायाशी एक गाठ मारायची.

मोक्षधामात टिनाच्या शेडखाली तिरडी उतरवली. वरच्या दोन गाठी टोक ओढताच सुटल्या. माझी सुटेना. सुतळी पावसात भिजून फुगली होती. एकानं नखं लावली, दुसरा वाकून दात लावणार तेवढ्यात कुणीतरी त्याला हटकलं. शेवटी लाकडं रचणाऱ्यानं कमरेचा विळा काढला आणि कच्चकन कापली. कुणी काही म्हणालं नाही. अशा वेळी कोण काय म्हणणार? संघनायकानं मात्र खाली पडलेला तो तुकडा उचलला, तळहातावर उलटा-सुलटा करून पाहिला आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. "ठेव. घरी गेल्यावर पाहजो." परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरजवळ चहाला थांबलो तेव्हा तो खिशातून काढला. गुरुजींनी शिकवलेली गाठ, रीफ नॉट, बरोबर बसली की सपाट असते, टोकं दोराला लागून निजतात. ही गाठ कानासारखी उभी होती, टोकं आडवी फाकलेली. उजवा डाव्यावर, आणि परत उजवा डाव्यावर.

गुरुजींच्या पायाशी मी निरगाठ मारली होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही मागच्या व्हरांड्यात जमायचो. तिथल्या खिडकीच्या गजांना अंबाडीचे दोर लटकलेले असत, हातहात लांब, टोकं उसवू नयेत म्हणून सुतानं गुंडाळलेली. अंबाडीच्या दोराला एक वास असतो, सडलेल्या पाण्याचा आणि वाळलेल्या गवताचा मिळून, तो दिवसभर बोटांना राहायचा. पुस्तकात गाठींची नावं इंग्रजी होती आणि आम्ही ती आमच्या परीनं वाकवून घेतली होती. क्लोव्ह हिच आमच्यासाठी किलोईच होती, बोलाइन तर बोलान. गुरुजी नावांच्या फंदात पडत नसत. क्लोव्ह हिच दाखवताना म्हणायचे, हे तर बैल खुंट्याले बांधाचंच काम आहे, फक्त कासऱ्याचा वेढा कसा पडते ते डोये उघडे ठेवून पाहा. गाठीची त्यांची व्याख्या मला अजून शब्दाशब्दानं पाठ आहे. "गाठ अशी पाह्यजे पोट्टेहो, का ओढ बसली तं सुटू नये अन् सोडाले बसलं तं अडू नये." रीफ नॉटसाठी एक ठेका होता. उजवा डाव्यावर, डावा उजव्यावर. तीस पोरं एका सुरात म्हणायची. बाजूच्या वर्गातल्या बाई त्रासून दार लावून घ्यायच्या.

या पथकाचा इतिहास लिहून दे, असं गुरुजी दोन वर्षांपूर्वी मला म्हणाले होते. मी हो म्हणालो आणि विसरलो. खरं तर विसरलो नाही, टाळलं. तेराव्याला गेलो तेव्हा त्यांच्या मुलानं माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढून समोर ठेवली. वर पांढऱ्या रंगात पथकाचं नाव, खाली उंदरानं कुरतडलेले दोन स्कार्फ, बिनशिट्टीचा शिट्टीदोर, पोचे आलेला बिगुल आणि रजिस्टरं. जुनी रजिस्टरं चाळताना मौज वाटली ती शिक्क्यांची. आमचं गाव पूर्णेच्या काठी आहे तिथंच आहे, खारपाणपट्ट्यातून ते तसूभर हललं नाही. पण शिक्के हलत राहिले. आधी मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य आणि १९६० नंतर महाराष्ट्र. पथकातल्या एखाद्या पोरानं प्रवेश एका राज्यात केला असेल आणि तृतीय सोपान, म्हणजे स्काऊटची वरची पायरी, तिसऱ्या राज्यात, तेही घर न सोडता.

गावातली म्हातारी माणसं पथकाला शेवटपर्यंत 'सेवा समिती' म्हणायची. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. इंग्रजांनी इथं स्काऊट आणलं ते १९०९ मध्ये, पण गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन पोरांसाठी. आपल्या पोरांना त्यात घेत नव्हते. दोर, लाठी, खुणांची भाषा आणि नकाशा या चार गोष्टी काळ्या पोरांच्या हाती दिल्या तर उद्या ती काय करतील, ही धास्ती. मग अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासेत १९१६ मध्ये वेगळं स्काऊट काढलं आणि अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचं. या सगळ्या निरनिराळ्या संघटना एकत्र होऊन भारत स्काऊट्स झालं ते ७ नोव्हेंबर १९५० ला, गाईडच्या मुली त्यात आल्या पुढच्या वर्षी. आम्ही दर ७ नोव्हेंबरला छातीला स्टिकर लावून घ्यायचो आणि ते का लावतो हे विचारायचो नाही. स्टिकरचे पैसे घरून आणायचे असत, त्यामुळे तो दिवस लक्षात राहायचा तो आईच्या कटकटीसाठी.

पण पेटीत सगळ्यात जास्त वेळ मी ज्या वह्यांवर बसलो, त्या सत्कृत्याच्या. स्काऊटनं रोज एक भलं काम करायचं आणि वहीत लिहायचं. विसरू नये म्हणून सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची, काम झालं की सोडायची. माझी वही सापडली. सातवीतली, निळ्या शाईतली. पहिल्या पानावर, 'आज एका आंधळ्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून दिला.' दुसऱ्या दिवशी परत रस्ता. चौथ्या दिवशी एक म्हातारी. मी इतरांच्या वह्या पाहिल्या. सगळ्यांनी सगळ्यांना रस्ता ओलांडून दिला होता. आमच्या गावात रस्ता एकच, आणि त्यावरून दिवसाला दोन एसट्या जायच्या, त्याही वेळेवर आल्या तर. उरलेला दिवस त्या रस्त्यावर कुत्री आणि बैलगाड्या. एवढे आंधळे लोक गावात असते तर सरकारनं चौकशी लावली असती. गुरुजी प्रत्येक पानाखाली लाल शाईनं 'पाहिले' लिहून सही करायचे. वाचत नसतील असं कसं म्हणू? वाचायचे, कारण माझ्या एका पानावर 'पाहिले'च्या पुढं त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'म्हातारे परत कसे आले?'

त्याच वहीत डिसेंबरातल्या शिबिराचं एक पान आहे. 'आज उपाशी कुत्र्याला अन्न दिले.' या पानापाशी मी थांबलो. हे खरं होतं.

शिबिर नदीकाठच्या आमराईत असायचं, कापसाची पहिली वेचणी उरकल्यावर. तंबू शाळेचेच, ठिगळांचे. खारपाणपट्ट्यातल्या काळ्या मातीला डिसेंबरात भेगा पडायला लागतात, त्यामुळे मेख ठोकली की ती भेगेत जाऊन हलते आणि पहाटे एखादा तंबू निमूट बसतो. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नसे, तासन्‌तास उकळली तरी दाणे तसेच. पुस्तकात बिनभांड्याच्या स्वयंपाकाचा धडा होता. स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल साहेबानं कणकेचा गोळा काठीला गुंडाळून विस्तवावर भाजायला सांगितला होता. गुरुजींनी तो धडा मोठ्यानं वाचून दाखवला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, आता आपल्या मायचं आठवा. मग गोवऱ्यांचा जगरा पेटायचा आणि त्यात रोडगे जायचे. बाहेरून काळे पडलेले रोडगे पोत्यावर घोळून राख झटकायची, हातानं फोडायचे, आतून वाफ निघायची. जिल्ह्याच्या मेळाव्यात या प्रकारात आमचं पथक सलग काही वर्षं पहिलं आलं, रजिस्टरात नोंद आहे. परीक्षकांनाही बहुधा रोडगेच हवे असत.

संघ पाडायचे ते उंचीनं. गुरुजी रांगेत उभे करून आठ-आठची पोरं मोजत, वाघ, सिंह, मोर. कोण कोणत्या पुऱ्यातला हे त्यात कुठंच येत नसे. म्हणून वाघ संघात मी पाटीलपुऱ्यातला आणि आमचा नायक बौद्धपुऱ्यातला. एका संघाचं एक पातेलं. पहिल्या शिबिराला निघताना माझ्या आजीनं मला चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. "तुले तिथलं खायाचं नाई." कारण सांगितलं नाही, मला विचारावंही लागलं नाही. पहिले दोन दिवस मी संघाच्या पातेल्याशेजारी बसून आपलं फडकं सोडून खाल्लं. नायक वाढपी होता. त्यानं माझ्या ताटलीकडे एकदाही पळी नेली नाही आणि एकदाही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता आणि माझी भाकर कडक झाली होती. मी ताटली पुढं केली. भाकर कुत्र्याला टाकली. आजीला सांगितलं, चारही खाल्ल्या. आणि वहीत लिहिलं ते वर आलंच आहे. माझ्या सगळ्या वहीतलं एकमेव खरं सत्कृत्य, तेही नेमकं काय होतं ते लपवून लिहिलेलं. त्याखालीही गुरुजींचं 'पाहिले' आहे.

मला शौर्याची गोष्ट सांगायची नाही. वांग्याची भाजी नसती तर मी चौथ्या दिवशीही फडकंच सोडलं असतं.

प्रवेशाच्या दिवसाचं एक आठवतं. तीन बोटं वर करून आम्ही रांगेत वचन घेत होतो. ईश्वर आणि देश यांविषयीचं कर्तव्य, दुसऱ्यांना मदत, स्काऊटचे नियम, ही तीन बोटं. 'ईश्वर' आला तेव्हा माझ्या शेजारून नायकाच्या तोंडून दुसराच शब्द ऐकू आला, 'धर्म'. रांगेतली आणखी चारपाच पोरं तेच म्हणाली. मला वाटलं, चुकला. वचन संपल्यावर मी मोठ्या उत्साहानं गुरुजींना सांगितलं. ते रागावले नाहीत. पुस्तक आणलं, ज्याला हवं त्यानं ईश्वरऐवजी धर्म म्हणावं, अशी त्यात छापलेली ओळ माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. त्यांच्या हाती पथक आलं ते १९५६ च्या दीक्षेनंतर थोड्याच काळात. बाबासाहेबांबरोबर नागपूरला जाऊन आलेल्या बापांची पोरं तेव्हा व्हरांड्यात दोर घेऊन उभी होती, आणि 'ईश्वर'पाशी तोंड मिटून घेत होती. गुरुजींनी पुस्तकातून ती ओळ शोधून काढली. हे नायकाच्या वडिलांनी मला पुढं सांगितलं. रजिस्टरात याची ओळ नाही. रजिस्टरात त्या वर्षी 'शपथविधी उत्साहात पार पडला' एवढंच आहे.

आजीचं स्काऊटशी जमलं नाही ते नाहीच. मी घरी येऊन तिच्यासमोर डावा हात पुढं केला तेव्हा ती दचकली. "डाव्या हातानं कोनी हात देते काय रे? कोन्या मास्तरनं शिकवलं तुले हे?" ढाल डाव्या हातात असते, ती बाजूला ठेवून हात दिला म्हणजे समोरच्यावर भरवसा, हे गुरुजींचं उत्तर मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, आपल्या घरी ढाल कुठी आहे? याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

फेब्रुवारीची मात्र ती वाट पाहायची. २२ फेब्रुवारी बेडन-पॉवेलचा वाढदिवस, स्काऊटांचा चिंतन दिन. दुसऱ्याच दिवशी, २३ ला, गाडगेबाबांची जयंती. बाबा आमच्याकडचे. शेंडगाव काही फार दूर नाही, आणि गावात त्यांचं कीर्तन ऐकलेली माणसं माझ्या लहानपणी पुष्कळ होती, आजी त्यातलीच. २२ ला आम्ही गणवेश घालून साहेबाच्या फोटोला हार घालायचो, २३ ला त्याच गणवेशात हातात खराटा. चावडीपासून नदीपर्यंत गाव झाडायचं. आजी दारात उभी राहून बघायची आणि आम्ही तिच्या दारासमोर आलो की घागरभर पाणी शिंपडून द्यायची, धूळ उडू नये म्हणून. बाबांचा जन्म १८७६ चा. त्याच वर्षी बेडन-पॉवेल नावाचा एकोणीस वर्षांचा गोरा अधिकारी पलटणीत रुजू व्हायला हिंदुस्थानात आला. गुरुजी हे दरवर्षी सांगायचे, त्यातून काही सिद्ध न करता, जणू दोघे एकाच गाडीनं उतरले असावेत. गावात २२ चा कार्यक्रम कुणाला कळायचा नाही. २३ ला न झाडलेल्या गल्लीतून मात्र तक्रार यायची.

खरी कमाई हा एक प्रकार होता. पोरांनी अंगमेहनतीनं पैसे मिळवायचे आणि पथकाच्या निधीत घालायचे. शहरातली पथकं भेळेची दुकानं लावत. आमच्याकडे भेळ कोण घेणार? आम्ही कापूस वेचायचो, किलोच्या दरानं. मला ते दोन दिवस सहलीसारखे वाटायचे. बोंडाच्या काट्यांनी नखांच्या कडा सोलल्या की मी त्या सगळ्यांना दाखवत फिरायचो. नायक माझ्या दुप्पट वेचायचा. एकदा मी त्याला म्हणालो, तुझी खरी कमाई जास्त झाली. तो सरीतून मान वर न करता म्हणाला, "आमची तं रोजच खरी असते." पेटीतला तो बिगुल त्याच निधीतून आला होता. तो वाजवायला कुणालाच आला नाही. हेल्यासारखा एक हुंकार निघायचा आणि नदीपलीकडची म्हसरं माना वळवायची.

गुरुजी स्वतः प्रशिक्षणाला पचमढीला जाऊन आले होते. स्काऊटांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथं आहे. पण त्यांची आई त्यांच्याही आधी जाऊन आलेली, महादेवाच्या यात्रेला, पायी. त्यामुळे घरी त्यांच्या हिमालय वुड बॅजचं कौतुक कुणाला नव्हतं, आईचा एकच प्रश्न, महादेवाचा चौरागड चढला का? नव्हते चढले. ते शल्य त्यांनी आम्हाला अनेकदा बोलून दाखवलं.

पुढं आमच्या गावातला एक मुलगा राष्ट्रपती पुरस्कार घेऊन रेल्वेत स्काऊटच्या कोट्यातून लागला, तेव्हा दोन-तीन वर्षं पथकाला तोबा गर्दी झाली. पोराला रेल्वेत लावा म्हणून बाप गुरुजींच्या अंगणात येऊन बसत. मग ती ओसरली. गुरुजी निवृत्त झाले. पथक आहे अजून, वार्षिक नोंदणीही होते. १५ ऑगस्टला कपाटातून स्कार्फ निघतात, फोटो होतात, स्कार्फ परत कपाटात. हे मी उपरोधानं लिहायला घेतलं होतं. पण अंत्ययात्रेत दहा-बारा पोरं गणवेशात चालत होती, त्यात दोन गाईडच्या मुली. मोक्षधामाच्या फाटकाशी एक काका कुरकुरले, पोरींचं काय काम? मुली थांबल्या नाहीत. शेडपर्यंत आल्या, चिखलात ताठ उभ्या राहून सलामी दिली, आणि मग एकीनं बाटलीतलं पाणी गुरुजींच्या मुलाला प्यायला दिलं. सकाळपासून त्याला पाणी विचारणं कुणाला सुचलं नव्हतं. तिच्या स्कार्फची घडी वाकडी होती. मी ती बघत होतो, आणि तेव्हाच माझ्या गाठीला विळा लागला.

इतिहास अजून लिहून झालेला नाही. पेटी नागपूरला आणली आहे, दिवाणाखाली आहे. टेबलावर सुतळीचा तो तुकडा आहे, वाळून आक्रसलेला. रात्री जेवणं झाली की मी त्याच्याशी खटपट करत बसतो. बायकोनं एकदा दाभण आणून दिला, त्यानं एक पीळ थोडा सैल झाला, दुसरा नाही. कात्री लावली तर प्रश्नच मिटेल, पण तुकडा आधीच एकदा कापलेला आहे.

परवा नायकाचा फोन आला. सोयाबीनचं, भावाचं, पावसाचं झालं. मग त्यानं विचारलं,

"सुटली काय?"

"नाही."

"दाभण लावला असन तू."

"लावला."

"काढ तो. दोन्ही टोकं धर अन् गाठीच्या अंदर ढकल. हळू."

मी मोबाइल खांदा आणि कानात धरायचा प्रयत्न केला, तो घसरला, मग डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताच्या चिमटीत टोक धरून ढकलू लागलो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. गोठ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

"एका हातानं नाई होत ते," तो म्हणाला. "फोन ठेव आंधी."